वाचकांचे प्रश्न: ऑटिझम असलेली मुलं मोठी होतायत, आता शिकवायचं काय आणि कशातून?

मागच्या अंकात ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलं वयात येतात तेव्हा घरात काय काय बदलतं यावर लिहिलं होतं, त्यानंतर एवढी पत्रं आणि मेसेज आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्यच नाहीये. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून तोच आहे, थेरपी लहानपणी भरपूर झाली, शाळा संपली किंवा संपत आली, मूल आता बारा-पंधरा-वीस वर्षांचं आहे, मग आता पुढे काय? म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीयेत.

प्रश्न: माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. चित्रकला, कीबोर्ड, कराटे सगळं लावून बघितलं, थोडे दिवस जातो मग दारातच बसून राहतो, आणि सर म्हणतात की लक्ष देत नाही. त्याला फक्त रेल्वे आवडते, दिवसभर गाड्यांचे व्हिडिओ, स्टेशनांची नावं तोंडपाठ. आंघोळ, कपडे, दप्तर सगळ्यासाठी मागे लागावं लागतं. कुठला क्लास लावू आणि हे रेल्वेचं वेड कमी कसं करू? (एक आई, नाशिक रोड)

उत्तर: ताई, वेड अजिबात कमी करू नका हो. तुमच्या हातात जे सगळ्यात चांगलं साधन आहे तेच तुम्ही काढून टाकायला निघालाय. ज्या मुलाला कल्याणपासून मनमाडपर्यंतची स्टेशनं क्रमाने सांगता येतात त्याला क्रम कळतो, त्याची आठवण पक्की आहे, एका गोष्टीत तो तास तास रमतो, म्हणजे शिकायला जे लागतं ते सगळं त्याच्याकडे आहे, फक्त ते आंघोळीपर्यंत अजून पोचलेलं नाही. तर आपण आंघोळच रेल्वेकडे नेऊ.

घरात लोखंडी कपाट असेलच. त्याच्या दारावर सकाळचं वेळापत्रक लावा, अगदी स्टेशनवर असतं तसं, डावीकडे वेळ आणि उजवीकडे काम. ६:३० उठणे, ६:४० ब्रश, ६:५० आंघोळ, ७:१० कपडे, ७:२० नाश्ता, एवढंच. वाचायला जमत नसेल तर त्याचेच फोटो काढून लावा, इंटरनेटवरची कार्टून चित्रं नकोत. एका चुंबकावर छोटं इंजिन चिकटवा आणि एक काम झालं की ते पुढच्या ओळीवर त्यानेच सरकवायचं, तुम्ही नाही.

आणि इथे तुम्हाला एक अवघड गोष्ट करायचीय ती म्हणजे गप्प बसायचं. "चल, ऊठ, चल ना" हे आपण पाच वेळा म्हणतो आणि हळूहळू ते म्हणणं हाच कामाचा भाग होऊन जातो, मूल पाचव्या हाकेची वाट बघत बसतं कारण त्याच्या लेखी सुरुवात तिथे होते. त्यापेक्षा न बोलता कपाटाकडे बोट दाखवा. काही दिवसांनी बोटही नको, नुसतं कपाटाजवळ जाऊन उभं राहा, मग तेही सोडा. तोंडाने दिलेली आठवण सोडवायला फार वेळ लागतो, बोटाने दिलेली लवकर सुटते, हा आमच्याकडे सगळ्यांचाच अनुभव आहे.

आता बदल. नळाला पाणी नाही, शाळेला अचानक सुट्टी, पाहुणे आले, अशा वेळी ही मुलं हलून जातात. तुमच्या मुलाला मात्र गाडी उशिरा येऊ शकते हे आधीच माहितीये! गाडी लेट झाली तरी येते, कधी प्लॅटफॉर्म बदलतो, कधी रद्दसुद्धा होते, हे सगळं त्याला मान्य आहे. म्हणून "उशिरा" आणि "आज रद्द" अशा दोन पट्ट्या करून ठेवा आणि बदल झाला की त्या ओळीवर लावा. रडणं एका दिवसात थांबेल असं मी म्हणत नाही, पण काय चाललंय हे त्याच्या भाषेत त्याला कळेल.

मग स्टेशन. दुपारी गर्दी नसते तेव्हा जा, प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं असतं, पैसे त्याच्या हातात द्या आणि खिडकीपाशी त्यालाच उभं करा. रांगेत थांबणं, पैसे देणं, तिकीट जपून ठेवणं, बाकावर बसून वाट बघणं ह्यातली एकही गोष्ट टेबलखुर्चीवर बसवून नीट शिकवता येत नाही. पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहायचं हे मात्र आधी घरी फरशीवर चिकटपट्टी लावून पक्कं करा आणि तरीही प्लॅटफॉर्मवर हात धरूनच, कारण जीव की प्राण असलेली गोष्ट समोरून येते तेव्हा नियम विसरतो कुणीही. भोंग्याचा त्रास होत असेल तर कानावर लावायचे हेडफोन जवळ ठेवा. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड असू द्या. बोलणं कमी आहे म्हणता तर जेलो नावाचं ॲप बघा, आयआयटी मुंबईत बनलेलं आहे, फुकट आहे, मराठीतही आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. त्यामुळे बोलणं मागे पडेल ही भीती बऱ्याच घरांत असते, तसं होत नाही.

हे सगळं जमायला लागलं की त्याला एक खरं काम द्या, ज्यासाठी घरातलं कुणीतरी त्याच्यावर अवलंबून आहे. मामा पंचवटी एक्सप्रेसने येणार असेल तर गाडी कुठवर आली ते मोबाईलवर बघून "आता निघा" हे त्याने सांगायचं, आणि तो सांगेपर्यंत कुणी चप्पल घालायची नाही. क्लासमध्ये काढलेल्या चित्राची कुणी वाट बघत नसतं ताई, मामाला आणायला वेळेवर पोचायचंय याची सगळं घर वाट बघत असतं, आणि हा फरक मुलांना बरोब्बर कळतो.

क्लासचं म्हणाल तर सध्या एकही लावू नका. पुढे लावायचाच झाला तर आधी खोली बघून या, आवाज किती घुमतो, ट्यूबलाइट फडफडते का, एकावेळी किती मुलं, सर लांबून ओरडून सूचना देतात का. लक्ष देत नाही असं ज्याला म्हणतात ते पुष्कळदा खोलीच सहन होत नाही हेच असतं.

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची, ओपन स्कूलमधून दहावी झाली, आता घरीच असते. तिला स्वयंपाक शिकायचाय, स्वतःच मागे लागलीये. पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळते, ओलं पीठ हाताला लागलेलं चालत नाही आणि एखादी पायरी चुकली की सगळंच सोडून देते. सासूबाई म्हणतात गॅसजवळ जाऊच देऊ नका. (एक आई, कोथरूड, पुणे)

उत्तर: स्वतःहून मागे लागलीये हे वाचूनच मला आनंद झाला, आता तिला थांबवू नका.

एखादी पायरी चुकली की सोडून देते, याचा अर्थ आपण सुरुवातीपासून शिकवतोय आणि शेवट तिच्या वाट्याला येतच नाहीये. म्हणून शेवटापासून शिकवा. समजा पोहे. पहिल्या आठवड्यात पोहे तुम्हीच करा, तिने फक्त वरून खोबरं-कोथिंबीर घालायची आणि बशा भरून सगळ्यांना द्यायच्या. म्हणजे पहिल्याच दिवशी "पोहे झाले आणि मी दिले" हे तिच्या हातून पूर्ण झालं. ते सहज व्हायला लागलं की एक पायरी मागे या, झाकण ठेवून तीन मिनिटांचा टायमर लावणं तिचं आणि पुढचं सगळं तिचं. मग त्याच्या मागची, भिजवलेले पोहे कढईत घालून मीठ-साखर घालून हलवणं. मग कांदा परतणं, मग फोडणी, आणि अगदी शेवटी कांदा चिरणं. प्रत्येक वेळी तिची उडी पूर्ण झालेल्या पोह्यांवरच संपते, मध्ये कुठे अडकून राहत नाही.

आपल्या स्वयंपाकात सगळं अंदाजे असतं हा दुसरा घोटाळा. चवीपुरतं मीठ, थोडं पाणी, कांदा झाला की बघ, हे तिच्यासाठी काहीच सांगितल्यासारखं नाहीये. मिठाचा चमचा वेगळा ठेवा, त्यावर लाल दोरा बांधा, चार जणांच्या पोह्यांना तो एक चमचा सपाट भरून, बस. कांदा किती परतायचा याचा तुमच्याच कढईतला फोटो काढून ओट्यासमोर चिकटवा, कच्चा, झालेला आणि जळलेला असे तीन. पोहे भिजले का हे दोन बोटांत दाणा दाबून बघायचं, मोडला तर झाले, कडक लागला तर अजून एकदा पाणी. असं प्रत्येक ठिकाणी डोळ्याला दिसेल किंवा बोटाला कळेल असं काहीतरी शोधा.

कुकरच्या शिट्टीची सवय करून घ्यायची म्हणून तिला बळेच तिथे उभी करू नका. तिला तो आवाज खरंच टोचतो. कुकर लावून गॅलरीत जा, तिथून शिट्ट्या मोज आणि तीन झाल्या की येऊन गॅस बंद कर, हे बऱ्याच मुलींना जमतं. कारण आवाज येणार हे माहीत असतं आणि आपण लांब असतो. नाहीच जमलं तर भात विजेच्या राइस कुकरमध्ये होतो की! आणि कणिक मळणं आवडत नाही तर नको मळू दे. तिला कोरड्या पिठावर पोळी लाटायला आवडेल कदाचित, कणिक कुणीतरी दुसरं मळेल, कितीतरी घरांत कामं अशीच वाटलेली असतात. तिला आयुष्यात सगळं आलंच पाहिजे हा हट्ट आपण बाकीच्या मुलांबाबत तरी कुठे धरतो?

सासूबाईंची भीती खोटी नाहीये. इंडक्शन घ्या, ज्योत नसते आणि भांडं उचललं की ते तापवायचं थांबवतं, सुरुवातीला तेच बरं. पण गॅसही तिला माहीत हवा, त्यामुळे रात्री झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करून बघणं हे काम तिच्याकडे द्या, ही मुलं असं काम एकदा अंगवळणी पडलं की सहसा चुकवत नाहीत. आणि सासूबाईंना यात ओढा. त्यांचा दुपारचा चार वाजताचा चहा तिने करायचा असं ठरवा. चहा बिघडला तर "छान झालाय गं" असं त्यांनी म्हणू नये, "आज साखर कमी आहे, उद्या अर्धा चमचा जास्त घाल" असं सरळ सांगावं. खोट्या कौतुकातून तिला उद्या काय करायचं ते कळत नाही. चार वाजता आजी खुर्चीत बसून वाट बघतायत म्हटल्यावर चार वाजून एक मिनिट झालेलं तिलाच चालणार नाही, बघा तुम्ही.

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची, जवळपास न बोलणारी. पाणी म्हणजे जीव. पूलमधून बाहेर यायलाच तयार नसते, बाहेर काढताना रोज रडारड, लोक बघतात. नातेवाईक म्हणतात हे नुसते लाड आहेत, त्या वेळात काहीतरी शिकवा. पोहणं बंद करून स्पीच थेरपी वाढवू का? (एक बाबा, ठाणे)

उत्तर: बाबा, पोहणं बंद करू नका, उलट मी तर म्हणेन ते नीट शिकवणं हे तुमच्या यादीत सगळ्यात वर असू दे. ऑटिस्टिक मुलांना पाण्याची ओढ खूप असते, त्यातली बरीच न सांगता घराबाहेर पडतात आणि खोल पाण्याचा धोका त्यांना कळत नाही, त्यामुळे बुडण्याचा धोका या मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त असतो असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. तलावांच्या ठाण्यात हे जास्तच डोक्यात ठेवा. पाठीवर तरंगणं, वळून काठ पकडणं, काठावरून स्वतःला वर ओढणं हे पोहण्याच्या स्ट्रोकच्या, म्हणजे हात-पाय मारण्याच्या पद्धतींच्या, आधी शिकवा. आणि कधीतरी पूलवाल्यांची परवानगी काढून रोजच्या सलवार-कुडत्यात पाण्यात उतरवा, कारण चुकून पाण्यात पडायची वेळ आली तर अंगात पोहण्याचा ड्रेस नसणार. पोहता येतं म्हणून लक्ष सैल सोडू नका, हे वेगळं सांगायला नको.

बाहेर येतानाची रडारड. "अजून पाच मिनिटं" हे तिला दिसत नाही, पाच मिनिटं म्हणजे काय हे पाण्यात कुणालाच कळत नाही. त्याऐवजी फेऱ्या ठेवा. काठावर सहा रिंगा ठेवा, प्रत्येक फेरीला तिने एक रिंग बादलीत टाकायची, रिंगा संपल्या की बाहेर, आणि बाहेर आल्यावर लगेच तिच्या आवडीचं काहीतरी, गरम पाण्याचा शॉवर म्हणा, मोठा टॉवेल गुंडाळून बसणं म्हणा. पहिले काही दिवस रडेल. तुम्ही सातवी रिंग काढू नका म्हणजे झालं.

नातेवाइकांना सांगा की त्या एका तासात ती किती शिकते ते मोजा. घरून पिशवी भरणं, पोहण्याचा ड्रेस, टॉवेल, साबण, ओल्या कपड्यांची प्लास्टिकची पिशवी, हे सगळं तिने चित्रं बघून भरायचं. टॉवेल विसरली तर एखाद दिवस तुमच्या पिशवीत जादाचा ठेवलेला असला तरी पटकन काढून देऊ नका, ती तुमच्याकडे बघेल, हात पुढे करेल, हे मागणं आहे, हेच स्पीच आहे! चेंजिंग रूममध्ये आईने किंवा ओळखीच्या ताईने सोबत जायचं, दार लावल्याशिवाय कपडे काढायचे नाहीत, टॉवेल गुंडाळल्याशिवाय बाहेर यायचं नाही. १३ व्या वर्षी हे शिकवायला दुसरी इतकी चांगली जागा मिळणार नाही कारण कपडे रोज खरंच बदलायचे असतात.

याच वयात पाळीचं. सुरू झाली नसेल तर आत्ताच पॅड लावायची सवय करा, आधी कोरडं थोडा वेळ, मग जास्त वेळ, पॅडचं कापड टोचत असेल तर दोन-तीन प्रकार आणून तिलाच हात लावून निवडू द्या. चड्डीवर पॅड कुठे लावायचं ती जागा पेनने आखून ठेवा. पाळीच्या दिवसांत पूल नसेल तर ते तिला आदल्या दिवशी नाही कळणार आणि त्या दिवशी तर अजिबातच नाही, म्हणून कॅलेंडरवर पूलचं चित्र आणि त्या दिवसांसाठी दुसरं पाण्याचं चित्र ठेवा, टबात पाय सोडून बसणं, झाडांना पाइपने पाणी घालणं, जे तिला चालेल ते.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. न बोलणारी मुलगी हाताने ढकलून "नको" म्हणते तेव्हा ते ऐका. केस विंचरताना नको म्हणाली तर थांबा, मग थोड्या वेळाने पुन्हा विचारा. जिचा "नको" घरात रोज मोडला जातो तिने बाहेर कुणाला तो जोरात म्हणावा ही अपेक्षाच चुकीची आहे. सगळ्यांचं सगळं ऐकणारी मुलगी शहाणी वाटते, पण ती सुरक्षित नसते.

स्पीच थेरपी चालू असेल तर चालू ठेवा, जमलं तर थेरपिस्टना एकदा पूलवर बोलवा.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. मला ऑटिझम आहे. मी बीकॉम आहे. मी एका संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पणत्या रंगवतो आणि कागदी पिशव्या करतो. मला ते आवडत नाही. रंगाच्या वासाने डोकं दुखतं. मला आकडे जुळवायला आवडतात. आई म्हणते रिकामं बसण्यापेक्षा बरं. मी आईला काय सांगू? फोनवर बोलायला मला आवडत नाही म्हणून लिहिलं आहे. (कोल्हापूर)

उत्तर: तुम्ही लिहिलंत ते फार स्पष्ट आहे. हेच आईला लिहून द्या, बोलायलाच पाहिजे असं नाही. कागदावर तीन ओळी पुरतील: "रंगाच्या वासाने माझं डोकं दुखतं. मला आकड्यांचं काम करायचं आहे. आपण एक महिना करून बघू." आईला नाही म्हणायचंय असं त्यात काही नाही, तुम्ही रिकामं बसायला मागत नाही आहात, वेगळं काम मागता आहात. वासाचं वर्कशॉपमध्येही आजच सांगा, खिडकीजवळची जागा किंवा पिशव्यांचंच काम मागता येतं. दुखत असताना सहन करत राहायचं नाही.

एका महिन्यात काय करायचं? तुमच्या सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक जुळवून देणं. जवळच्या वाचनालयात पुस्तकांची दाखल नोंदवही आणि कपाटातली पुस्तकं ताडून बघणं. ओळखीच्या औषधाच्या दुकानात स्टॉक आणि बिलं जुळवणं, एक्सपायरी डेट बघणं. यातलं एक निवडा. रोज दोन तास, ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची. काम काय ते समोरच्याने लिहून द्यावं असं सांगा. काम झाल्यावर कुणाला दाखवायचं त्या एका माणसाचं नाव आधी विचारून घ्या. मध्ये थकलात तर बाहेर चक्कर मारायची परवानगीही आधीच मागा. फोनचं काम नको हेही आधी सांगितलेलं चांगलं.

तुमच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का ते बघा, नसेल तर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि त्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असतात, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता ह्या सगळ्यांत मिळून असतो. जागा थोड्या आहेत पण जाहिरातीत तो रकाना शोधत राहा. कामाच्या ठिकाणी गरजेप्रमाणे सोय मागणं हे सुद्धा त्याच कायद्यात आहे, त्यात उपकार काही नाहीत.

आणि तुमच्या आईंसाठी दोन ओळी, त्यांना हे पान दाखवा. वर्कशॉप वाईट नाहीये, पणत्या रंगवणं ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी ते फार चांगलं काम आहे. पण बीकॉम झालेल्या, आकडे आवडणाऱ्या मुलाला तिथे वर्षानुवर्षं बसवलं तर त्याला जे येतं तेही जाईल. त्याने पत्र लिहून विचारलंय, केवढी मोठी गोष्ट आहे ही.

प्रश्न: नातू ११ वर्षांचा. मुलगा-सून मुंबईला, नातू आमच्याकडे गावी राहतो कारण तिथल्या गोंगाटात त्याचे हाल होतात. इथे जवळपास थेरपी सेंटर नाही. आम्ही म्हातारी माणसं, आम्ही काय शिकवणार? (आजी-आजोबा, राजापूर तालुका, रत्नागिरी)

उत्तर: आजी, तुमच्या अंगणात जे आहे ते उभं करायला शहरातल्या सेंटरांना खोल्या भाड्याने घ्याव्या लागतात. नारळ सोलून झाल्यावर सोडणं, म्हणजे वरची सालं, गोळा करून रचणं, विहिरीवरून कळशी भरून आणणं, गोठ्यात वैरण टाकणं, ही जड कामं ज्या मुलांना सतत उड्या मारायला नाहीतर भिंतीला धडकायला लागतं त्यांतल्या काहींना शांत करतात, शहरात याच कारणासाठी वजनाच्या पिशव्या वापरतात. शाळेत जायच्या आधी असं एक जड काम त्याच्याकडून करून घ्या आणि शाळेतला दिवस कसा जातो ते बघा. कोंबड्या असतील तर अंडी गोळा करणं त्याचं, मोजून पाटीत ठेवणं त्याचं, आणि शेजारच्या घरी चार अंडी पोचवून पैसे आणणं हेही त्याचंच. आधी आजोबा सोबत, मग आजोबा फाटकापर्यंत, मग आजोबा पडवीतून बघतील. काजूच्या दिवसांत बिया वेचताना मात्र लक्ष ठेवा, बीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि काही मुलांना दुखलेलं उशिरा कळतं.

शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा ढोल सहन होणार नाही म्हणून त्याला मागच्या खोलीत कोंडू नका. ढोल दोन वाड्या लांब असतानाच त्याला सांगायला लागा, कानाला हेडफोन लावा आणि ओटीचं ताट धरायचं काम त्याला द्या. नाहीच जमलं तर मागच्या अंगणात जायचं, ती जागा आधीच ठरवून दाखवून ठेवा. ढोलवाल्यांना अंगणात क्षणभर थांबायला सांगितलं तर गावातली माणसं थांबतात हो, सांगायचा संकोच करू नका.

वर्षातून एक-दोनदा मुंबईला जाल तेव्हा खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, तिथे दाखवून पुढच्या काही महिन्यांचा घरचा कार्यक्रम लिहून आणा. शाळेतल्या बाईंना तो कागद द्या.

प्रश्न: माझा भाऊ पुढच्या महिन्यात १८ चा होतोय. दुकानात जातो, पण पैसे कळत नाहीत, सुट्टे परत न घेताच येतो. मोबाईलवरून पैसे द्यायला शिकवू का? आणि १८ नंतर कागदपत्रांचं काय करायचं असतं? (बहीण, नागपूर)

उत्तर: आधी रोख, मग मोबाईल. २० रुपयांचं दूध, २० चीच नोट, असं बरोब्बर पैशांपासून सुरू कर, मग मुद्दाम ५० ची नोट देऊन "सुट्टे घेऊन ये" हे एवढंच काम. सुट्टे किती ते आत्ता महत्त्वाचं नाही, हात पुढे करून थांबणं महत्त्वाचं आहे. दुकानदार काकांना आधी सांगून ठेव की त्याने मागेपर्यंत सुट्टे काउंटरवर ठेवू नका. मोबाईलसाठी यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, खातं आणि मर्यादा तुमच्या हातात राहते आणि तो त्याच्या फोनवरून पैसे देऊ शकतो, प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागेल असंही ठेवता येतं. त्याच्या फोनचा पिन कुणाला सांगायचा नाही हा नियम मात्र घरातल्या माणसांपासूनच पाळायला सुरू करा, तू सुद्धा त्याला पिन विचारायचा नाही.

कागदपत्रांचं असं की १८ झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझमसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो, ती समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते. पण सगळ्यांना ते लागतंच असं नाही, तुझा भाऊ समजावून सांगितल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर घाईने पालकत्व घेऊ नका, कुठल्या गोष्टीत मदत लागते आणि कुठल्या गोष्टीत नाही हे आधी त्याच्यासोबत बसून लिहा. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर तो काढा, वर्षाला १ लाखापर्यंतचा आहे, थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात बसतो आणि आधी तपासणी करावी लागत नाही.

आणि त्याला सही शिकव. बँकेत, अर्जावर सगळीकडे लागणार आहे आणि ती प्रत्येक वेळी सारखी यावी लागते. वहीत पानंच्या पानं गिरवून घेऊ नकोस, कंटाळेल. घरी येणाऱ्या पार्सलवर, सोसायटीच्या रजिस्टरवर, सिलेंडरच्या पावतीवर, जिथे खरंच सही लागते तिथे त्याला पुढे कर आणि सिलेंडरवाल्या दादांना सांग की दोन मिनिटं लागतील.